आदली संध्याकाळ शाळेच्या पटांगणावर आणा

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, नांदगाव खंडेश्वर, जि. अमरावती.

महोदय,

शिक्षण परिषदेची सूचना आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर मिळते. वेळ, ठिकाण, कोणी यायचं, येताना कोणता नमुना भरून आणायचा, सगळं त्यात असतं. परिषद ठरल्या दिवशी होते, पार पडते, अहवाल वर जातो. हे पत्र मी परिषदेच्या आदल्या संध्याकाळबद्दल लिहिते आहे. ती संध्याकाळ कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत छापलेली नसते, तरी ती होतेच. परिषदेत जे व्हायला हवं त्यातलं बरंचसं तेव्हाच होऊन जातं, आणि तिथे आपल्यातले निम्मे लोक नसतात.

मी या तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. अशा शाळेत ज्यांनी नोकरी केली नाही त्यांच्या एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, की तिथे शिक्षकखोली नसते. शहरातल्या मोठ्या शाळेत तास संपला की बाई खोलीत येतात, डबा उघडतात आणि बोलता बोलता सांगून जातात, की अमका मुलगा आजही हातच्याच्या वजाबाकीत अडकला. समोरची म्हणते, माझ्याकडे काड्यांचे गठ्ठे आहेत, घेऊन जा, त्याला दहाचा गठ्ठा स्वतःच्या हाताने सोडू द्या. तेवढ्यावर त्या मुलाचं अडलेलं सुटतं. आमच्याकडे दोन वर्ग माझ्यापुढे, दोन सरांपुढे. एकाला मिटिंगला बोलावलं की उरलेल्याकडे चारही. दुपारचा डबा आम्ही मुलांच्या पंगतीवर लक्ष ठेवतच खातो. माझं काही अडलं तर मी सरांना विचारते, सरांचं अडलं तर ते मला. दोघांनाही येत नसेल तर ते तसंच राहतं, आणि त्याची किंमत चौथीतून पाचवीत जाणारं पोर मोजतं.

हे एकटेपण आपल्या खात्याला फार पूर्वी कळलं होतं. १९९४ मध्ये राज्यात केंद्रप्रमुखांची पदं निर्माण झाली ती यासाठीच. साधारण दहा शाळांचं एक केंद्र, त्या शाळांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एखाद्या शाळेत जमायचं, कोणीतरी पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून बघायचा, मग त्यावर बोलायचं. जुने गुरुजी अजूनही त्याला गटसंमेलनच म्हणतात. आता नाव शिक्षण परिषद झालं, विषय वाढले, दिवस मात्र तेवढाच राहिला. ईशस्तवन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, निपुणचा आढावा, यू-डायसमधल्या दुरुस्त्या, आधार जुळणी, नव्या अ‍ॅपची माहिती, जिओ टॅग फोटो. पाठ होतो, चांगलाही होतो. पण तो घेणाऱ्या बाईंना, तुमची मुलं इतकी बोलती कशी केलीत, हे विचारायला वेळ उरत नाही. साडेतीन वाजले की लोक घड्याळ बघतात आणि चार वाजता पटांगणातल्या गाड्या सुरू होतात. यात कोण्या एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. विषय वरून येतात आणि आपल्यालाही ते उरकावे लागतात, हे मला ठाऊक आहे.

मग बोलणं होतं कुठे? ते आदल्या संध्याकाळी होतं. बाहेरून आलेले सुलभक, शेजारच्या तालुक्यातले डी.एड.चे जुने सोबती आणि केंद्रातले चार-सहा सर रस्त्यावरच्या एखाद्या ढाब्यावर बसतात. त्या बसण्याला मी नावं ठेवत नाही. दिवसभर पोरांमध्ये बोलून बोलून थकलेल्या माणसाला बरोबरीच्या माणसांत बसावंसं वाटतं, ते साहजिक आहे. आणि तिथे नुसत्या उखाळ्यापाखाळ्या निघतात असंही नाही. तिसरीत येऊनही ज्याला अक्षरं जोडता येत नाहीत त्याला एका सरांनी मोबाइलवर स्वतःचाच आवाज ऐकवून कसं वाचायला लावलं, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते अशाच एका बैठकीतून झिरपून आलेलं. संच मान्यतेत कोणत्या शाळेचा पट कसा धरला, ऑनलाइन बदलीत गावांचे विकल्प भरताना काय बघायचं, वैद्यकीय बिलाला कोणता कागद जोडला नाही की ते परत येतं, कोणत्या गावचे सरपंच शाळेसाठी पाण्याची टाकी देतात, हे सगळं ज्ञान तिथे एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातं. दुसऱ्या दिवशी परिषदेत ती मंडळी येतात तेव्हा त्यांची एकमेकांशी ओळख झालेली असते, म्हणून ती प्रश्न विचारतात, चर्चेत भाग घेतात. आम्ही बाया मागच्या सतरंजीवर बसतो आणि मग अहवालात येतं, की शिक्षिकांचा सहभाग वाढणे आवश्यक आहे.

त्या ढाब्यावर आम्ही नसतो. कोणी येऊ नका म्हणून सांगितलेलं नसतं, पण बोलावलेलंही नसतं, आणि बोलावलं तरी आम्हाला जाता येणार नाही, हे बोलावणाऱ्याला आणि आम्हाला दोघांनाही माहीत असतं. आमच्यासारखेच तिथे न जाणारे आणखी आहेत. दारूच्या टेबलाशी न बसणारे सर आहेत, उर्दू शाळांचे शिक्षक आहेत. पवित्र पोर्टलवरून २०२४ च्या भरतीत दूरच्या जिल्ह्यांतून इथे आलेली तरुण मुलं-मुली आहेत. ती अमरावतीला किंवा नांदगावात खोली करून राहतात. त्यांना इथलं कोणी ओळखत नाही. शाळा सुटली की मोबाइल, आणि मोबाइलवर गावाकडची माणसं. त्यातल्या एकीने मला विचारलं होतं, की मॅडम, तुमच्याकडे कापसाच्या दिवसांत पोरं शाळेत येतच नाहीत, तर तुम्ही काय करता? हे तिने अशा चेहऱ्याने विचारलं, की जणू चूक तिचीच होती. वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा राहणं हे आम्हाला वर्षानुवर्षं माहीत आहे, त्यावर ज्याने त्याने आपापले तोडगे काढले आहेत. ते तिला सांगायला जागाच नव्हती.

म्हणून माझी मागणी अशी आहे. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, तालुक्याच्या परिषदेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, सर्व शिक्षकांना एखाद्या शाळेच्या पटांगणावर एकत्र बसू द्या, जेवू द्या, बोलू द्या. आमच्या तालुक्याची शिक्षकखोली ती असेल.

आपण म्हणाल, जेवणाच्या भानगडीत कार्यालयाने कशाला पडायचं? या तालुक्यात तरी हा प्रश्न येऊ नये. पापळ आपल्याच तालुक्यात आहे. २७ डिसेंबर १८९८ रोजी तिथे जन्मलेले पंजाबराव देशमुख एडिंबरोला जाऊन एम.ए. झाले, ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परत आले आणि अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं. सगळ्या जातींची शेतकऱ्यांची पोरं त्यात एका छपराखाली राहत आणि एका पंगतीत जेवत. शिवाजी शिक्षण संस्था १९३२ मध्ये आली, त्यानंतर. आधी पंगत बसली, मग शाळा-कॉलेजं उभी राहिली. कोण कोणाशेजारी बसून जेवतं यावर कोण कोणाकडून शिकेल हे ठरतं, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं.

आणि संध्याकाळीच का, तर आपल्या जिल्ह्याची रीतच ती आहे. शेंडगावचे गाडगेबाबा दिवसभर हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि दिवस मावळल्यावर कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या कीर्तनात बाबा प्रश्न विचारत आणि लोक उत्तरं देत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाची ती पद्धत आज आपण रचनावाद म्हणून प्रशिक्षणात शिकतो. यावलीच्या तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली, ती दिवसभराचं काम संपवून सगळ्यांनी एका जमिनीवर बसण्याची वेळ होती. दिवसा माणूस आपल्या हुद्द्यावर असतो. विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, सहायक शिक्षक अशी उतरंड परिषदेत खुर्च्यांवरही दिसते. अंधार पडला आणि सगळे सतरंजीवर आले, की ती जरा ढिली होते. आपल्या पहिलीच्या पोरांना अजून वाचता येत नाही, हे कबूल करायला माणसाला तेवढा ढिलेपणा लागतो. व्यासपीठासमोर, हजेरीपत्रकावर सही करून, ते कोणी कबूल करत नाही.

हे आपल्याकडेच सुचतं असंही नाही. पंजाबराव जिथे शिकले त्या एडिंबरोत २००६ मध्ये काही शिक्षक असेच एका संध्याकाळी अनौपचारिक जमले. त्यातून टीचमीट नावाची प्रथा पडली आणि ती अनेक देशांत गेली. नियम साधा आहे. ज्याला आपल्या वर्गात केलेलं काही सांगायचं आहे त्याने सात मिनिटांत सांगायचं, थोडंच असेल तर दोन मिनिटांत, आणि ज्याला नुसतं ऐकायचं आहे त्याने ऐकायचं. प्रमुख पाहुणे नाहीत, अध्यक्षीय समारोप नाही. आपल्या तालुक्यात हे करायला मला काही अवघड दिसत नाही. सात मिनिटं बोलण्याजोगं प्रत्येक शाळेत काही ना काही आहे.

बोलण्याजोगं किती आहे ते सांगते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी लागेल. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं त्या दिवसापासून रात्री पुस्तकं काढून बसली आहेत आणि ही गोष्ट कोणाला सांगायला त्यांना लाज वाटते. ती वाटू नये. आपल्याच तालुक्यात २०२४ ला लागलेली तरुण मुलं आहेत, त्यांचा बालमानसशास्त्राचा आणि गणिताचा अभ्यास अजून ताजा आहे. त्या मुलांना चार वर्ग एका वेळी कसे सांभाळायचे ते येत नाही, आणि आमच्या पन्नाशीच्या सरांना ते झोपेतही येतं. दोघांची गाठ पडली तर दोघांचंही काम होईल. ती प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पडत नाही, कारण तिथे ज्येष्ठाला कनिष्ठासमोर विद्यार्थी व्हावं लागतं. जेवताना शेजारी बसून तेच सहज होतं.

दुसरं उदाहरण मंगरूळ चव्हाळ्याचं. तिथे फासेपारधी मुलांसाठी प्रश्नचिन्ह ही आश्रमशाळा आहे. ती उभारणारे मतीन भोसले स्वतः त्याच समाजातले आणि आधी जिल्हा परिषदेचे शिक्षक, म्हणजे आपल्याच खात्यातले. नोकरी सोडून त्यांनी ती शाळा काढली. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गासाठी तिचं ग्रंथालय आणि काही खोल्या गेल्या, तरी शाळा टिकली. घरी पारधी बोलणाऱ्या मुलाला मराठी पुस्तकापर्यंत कसं आणायचं, बेड्यावरच्या आईबापांचा शाळेवर विश्वास कसा बसवायचा, हे त्या शाळेला अनुभवाने माहीत आहे. आमच्या शाळांत पारधी, गोरमाटी, उर्दू बोलणारी मुलं येतात. आम्ही भाषेवरच्या प्रशिक्षणासाठी दूरच्या शहरातून आलेल्या तज्ज्ञांचे व्हिडिओ बघतो आणि आपल्याच तालुक्यातल्या या माणसांबरोबर कधी तासभर बसत नाही. त्या संध्याकाळी त्यांना बोलवा. सत्कारासाठी बोलावू नका, आम्हाला त्यांना खूप विचारायचं आहे.

आता व्यवहाराचं बोलते, कारण चांगली कल्पना बिघडते ती व्यवहारात.

वेळ शाळा सुटल्यावरची हवी, म्हणजे पाचपासून, आणि आठच्या आत सगळं आटोपायला हवं. आपल्याकडचे बरेच शिक्षक अमरावती, बडनेरा, चांदूर रेल्वेहून अपडाऊन करतात. मुख्यालयी राहण्याचा वाद मी इथे काढत नाही. पण अंधारात गाडीवर एकटीने परतणं हा शिक्षिकांसाठी खरा प्रश्न आहे. म्हणून पहिल्या वर्षी ठिकाण नांदगावातच घ्या, यवतमाळ मार्गावर एसटी मिळते. एका दिशेच्या सगळ्यांनी मिळून जीप करावी, तिचं आधी ठरवावं. ज्यांना राहायचं आहे त्यांची सोय गावात राहणारे शिक्षक आपल्या घरी करतील, मी स्वतः तिघींची करू शकते. जिची मुलं लहान आहेत तिने ती घेऊन यावी. शाळेच्या पटांगणात मुलं नकोत असं कोण म्हणेल? दुसऱ्या दिवशीची परिषद अकराला सुरू केली तर आणखी बरं. पुढे एखाद्या वर्षी पापळला, एखाद्या वर्षी मंगरूळ चव्हाळ्याला जाता येईल. खंडेश्वराच्या हेमाडपंती मंदिराचा परिसर देखणा आहे आणि कोणीतरी तो सुचवेलच, पण मला शाळेचंच पटांगण योग्य वाटतं. तिथे प्रत्येकाला आपल्या हक्काने येता येतं.

जेवण रोडग्यांचं असावं. गोवऱ्यांचं जगरं पेटवायचं, निखाऱ्यांत रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, ठेचा. सगळ्यांना चालणारं, कोणाला न दुखावणारं जेवण आहे ते, आणि त्यात एक गुण असा आहे, की रोडगे भाजायला तास-दीड तास लागतो आणि तोवर सगळ्यांना विस्तवाभोवती बसावंच लागतं. बोलणं त्या वेळातच निघतं. शेतातल्या रोडग्यांच्या पार्टीत कणीक पुरुष मळतात, भाजी पुरुष घोटतात. इथेही तसंच व्हावं, शिक्षिकांच्या हाती आपोआप पोळपाट येऊ नये. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंना राबायला बोलवू नये, जेवायला जरूर बोलवावं. मुलांच्या पोषण आहारातल्या तांदळाच्या एका दाण्यालाही हात लागू नये. खर्चाची सक्तीची वर्गणी नको. कोणी कणीक आणेल, कोणी तेल, कोणाच्या शेतातली वांगी येतील. ज्याला काही आणणं जमलं नाही त्यालाही तेवढंच वाढलं जावं. आणि दारू त्या पटांगणाच्या आसपासही नको, जेवणानंतर 'थोडं बाहेर जाऊन येतो' हेही नको. तसं झालं तर पुढच्या वर्षी आम्ही येणार नाही, आणि तेव्हा दोष आमच्या न येण्याला देऊ नये.

एक मागणी आपल्याला विचित्र वाटेल. या संध्याकाळची हजेरी घेऊ नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांना वर्षाला पन्नास तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे, त्या तासांत हे तीन तास धरू नका. प्रमाणपत्र नको, बॅनर नको, जिओ टॅग फोटो नको. ज्या क्षणी ते मोजलं जाईल त्या क्षणी लोक मोजण्यासाठी येतील, आणि विस्तवाभोवती खरं बोलायची कोणाची हिंमत होणार नाही. ज्याला घरी म्हातारी आई आहे, ज्याला नुसतं यावंसं वाटत नाही, त्याला न येण्याची मुभा हवी, आणि त्यावरून त्याला कोणी काही बोलू नये. पहिल्या वर्षी कमी लोक येतील. चालेल.

आपण मात्र यावं. खुर्ची न घेता यावं, आणि एक रात्र आम्हाला काहीही सांगू नये, ऐकावं. आमच्यातला कोणी म्हणाला, की साहेब, मला अजून बहुवर्ग अध्यापन जमत नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या शाळेला भेट लागू नये. एवढा शब्द आपण दिलात तर तालुक्याच्या शाळांचं खरं चित्र आपल्याला त्या रात्री दिसेल, ते कोणत्याही ऑनलाइन अहवालात दिसत नाही.

माझ्या शेजारच्या केंद्रातल्या दोन बाई आणि आमचे सर कणकेचं बघायला तयार आहेत. गोवऱ्या आमच्या गावातून येतील. पालक विचारत होते किती लागतील म्हणून. येत्या परिषदेची तारीख ठरेल तेव्हा तिच्या आदल्या दिवसाची संध्याकाळही कृपया त्याच सूचनेत कळवावी, आणि त्या दिवशी दुपारनंतर 'आजच भरा' म्हणून कोणतीही लिंक येणार नाही, एवढं बघावं.

आपली,
तालुक्यातली एक शिक्षिका